ही लाइट कुठली हाय?

भामाआक्काला काही विकायला येणाऱ्या माणसाची मला आधीच कीव यायची. बांगडीवाला असो, पेंडीचा व्यापारी असो, नाहीतर सूट घालून आलेला मशीनचा एजंट असो, आक्का त्याला आधी बसायला सांगायची, पाणी द्यायची, माल हातात घेऊन उलटासुलटा बघायची आणि मग विचारायची, "कुठलं हाय?"

भावताव नंतर. आधी माल कुठला ते सांग. कांदा असेल तर कुठल्या शिवारातला, सरकीची पेंड असेल तर कुठल्या मिलची, आणि मिलचं नाव सांगितलंत तर तिथं सरकी कुठून येते. दोन प्रश्नांच्या पुढं टिकणारा विक्रेता मी फार क्वचित पाहिला. बिचारे घाम पुसत माझ्याकडं बघायचे, मी खिडकीबाहेर बघायचो. आक्का बायकांच्या दूध डेअरीची अध्यक्ष, मी त्या डेअरीचा सेक्रेटरी. शुगर फॅक्टरीतली बरी नोकरी सोडून कर्जत तालुक्यातल्या या बायकांच्या दूध संस्थेत आलो, तेव्हा नगरच्या माझ्या मित्रांनी मला वेड्यात काढलं होतं. आल्या दिवशी आक्कानं माझी चौकशी केली तीही अशीच. शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. "कुठलं म्हनायचं तुमी?" एवढंच. आता आक्का जाऊन वर्ष होत आलं, आणि नगरच्या मंडईत भाजी घेताना माझ्याच तोंडून तो प्रश्न निघतो. भाजीवाले वैतागतात. वैतागू देत.

आक्का दिसायला मोठी रुबाबदार वगैरे अजिबात नव्हती. उंच, काटक, पाठीत किंचित वाकलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि उजव्या मनगटाजवळ कोयत्याचा जुना वण. आवाज मात्र असा, की दूध थंड करणारा बल्क कूलर चालू असतानाही पलीकडच्या खोलीत ऐकू जावा. हसायची कमी, पण हसली की तोंडाला पदर लावायची आणि खांदे हलत राहायचे. मला ती सगळ्यांसमोर टोचून बोलायची आणि दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी माझ्यापुढं सरकवायची. मी नको म्हटलं की म्हणायची, बाजरी आमच्याच रानातली हाय, घ्या. जणू माझी शंका तीच असावी.

तिचं माहेर शनिशिंगणापूरच्या जवळचं. बिनदाराच्या घरात वाढलेली बाई. त्यामुळं डेअरीच्या ऑफिसचं दार लावायचं नाही, असा तिचा दंडक. मी पहिल्या महिन्यात कुलूप आणलं, तर तिनं ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, छान हाय, तुमच्या गाडीला लावा. कुत्री आत यायची, कोंबड्या यायच्या, एकदा शेळीनं माझं कॅलेंडर खाल्लं. मी चिडलो की ती म्हणायची, दार नसलं की आतला माणूस बी नीट वागतो. माझ्या जिवाला घोर असायचा, पण त्या ऑफिसातून कधी काही गेलं नाही, हेही खरं.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेली तेव्हाचा किस्सा सगळ्या गावाला पाठ आहे. मुलीनं पोहे आणले. बाकीचे पाहुणे नाव-शिक्षण विचारायच्या तयारीत, तर आक्कानं विचारलं, "पोहे कुठले हायेत?" मुलीची आई गडबडली. मुलगी म्हणाली, आणले दुकानातून, पण दुकानदार कुठून आणतो ते मी विचारलं नाही, उद्या विचारून सांगते. घरी परतताना जीपमध्ये आक्कानं जाहीर केलं, की लग्न ठरलं. ती मुलगी म्हणजे सुनीता. दुसऱ्या दिवशी तिनं खरंच फोन करून सांगितलं म्हणे. लग्नानंतर ती आक्काला, सासूला म्हणतात तसं, आत्या म्हणायला लागली आणि पुढं आमच्याच डेअरीच्या संचालक मंडळावर आली. तिचं नाव लक्षात ठेवा.

आमची डेअरी सुरू झाली तेव्हा एक कूलर होता. मग आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका दूध घालायला लागल्या. पाश्चरायझर आला, दह्याची खोली झाली, पनीर सुरू झालं, मोठी थंड खोली बांधली. आणि हे सगळं चालतं लाइटवर. आमच्याकडं वीज कुणी म्हणत नाही, लाइटच म्हणतात. लाइट म्हणजे बोर्डाची. ती येते आणि जाते, यापलीकडं तिच्याबद्दल बोलायची कुणाची पद्धत नव्हती. आकाशातून पाऊस येतो तशी भिंतीतून लाइट येते, एवढंच.

मग एक दिवस नगरहून एक तरुण इंजिनिअर आला. पोरगा चांगला होता, समजावून सांगायची हौस असलेला. त्यानं सांगितलं की आता ठरावीक भाराच्या वर वापर असलेल्या ग्राहकाला आपली वीज कुणाकडून घ्यायची ते स्वतः निवडता येतं. सूर्याची घ्या, वाऱ्याची घ्या, ज्यानं तयार केली त्याच्याशी थेट करार करा. तारा बोर्डाच्याच राहतील, त्यांचं भाडं द्यायचं. तुमच्या गावाच्या माळावर तो सौर प्रकल्प झालाय ना, त्यांचीसुद्धा घेता येईल.

आक्का ऐकत होती. मला वाटलं, आता करार कसला, मुदत काय, ते विचारेल. तिनं विचारलं, "म्हंजे आत्तापत्तूर आपली लाइट कुठली हुती?"

इंजिनिअर म्हणाला, सगळीकडची. कोळशाची, धरणाची, थोडी वाऱ्याची, सगळी एकत्र. आक्कानं वर जळणाऱ्या बल्बकडं पाहिलं. मग सावकाश माझ्याकडं वळली. आपल्या गोठ्यातल्या पेंडीचं गाव जिला माहीत, तिनं इतकी वर्षं डेअरी चालवली ती कुठल्या लाइटवर, हेच तिला माहीत नव्हतं. तिचा चेहरा घरात परका माणूस राहून गेल्यासारखा झाला होता. सेक्रेटरी, तुमी कधी इचारलं न्हाई, असं ती मला म्हणाली. मी म्हटलं, आक्का, लाइटला कुणी असं विचारत नाही. तर म्हणाली, निवडता येत नव्हतं म्हनून इचारत नव्हतं कुनी.

पुढचे कित्येक दिवस तिनं त्या इंजिनिअरला फोनवर सळो की पळो करून सोडलं. रात्री ऊन नसतं तेव्हा काय, पावसाळ्यात काय, माळावरून आपल्याकडं वेगळी तार येणार का. तो फोन उचलेनासा झाला की ती माझ्या फोनवरून लावायची. पण माझं म्हणणं असं, की तिला कळेपर्यंत विचारायची लाज नव्हती. कळलं नाही तर ती सरळ म्हणायची, पुन्ना सांगा.

मग सर्वसाधारण सभा झाली. डेअरीच्या पटांगणात मांडव, बायका खच्चून भरलेल्या. इंजिनिअरनं सांगितलं, मी वाचून दाखवलं, आणि आक्कानं विचारलं, माळावरच्या प्रकल्पाची लाइट घ्यायची का. तिनं स्वतःचा हात वर केला. क्षणात सगळ्या मांडवात बांगड्या वाजल्या. एकूण एक हात वर. मी खूश झालो. इतकं सुरळीत काम त्या संस्थेत कधी झालं नव्हतं. मी "एकमतानं मंजूर" म्हणणार, तेवढ्यात आक्का उठली.

"खाली घ्या ते हात," ती म्हणाली. "समद्या माझ्याकडं बघून वर केल्यात. मी बघितलं."

हात खाली आले. मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्याबरोबर ती ऊसतोडीला जायची, लग्न झाल्यापासून, कितीतरी हंगाम. मुकादमानं हात वर केला की सगळ्यांनी ट्रकमध्ये चढायचं. कुठं चाललोय ते ट्रक निघाल्यावर कळायचं, कधी दोन जिल्हे ओलांडल्यावर कळायचं. एकदा तिनं खाली उभं राहून विचारलं होतं, गाडी कुठली हाय, कुठं जानार. मुकादम म्हणाला होता, तुला काय करायचंय. "मला मुकादम व्हायचं न्हाई," आक्का म्हणाली. "ठराव रद्द. आदी बघून या, इचारून या, मंग हात वर करा."

आणि खरंच ठराव रद्द झाला. माझं डोकं फिरायची वेळ आली होती. मंजूर होत आलेला ठराव अध्यक्षच रद्द करते, हे कुठल्या पोटनियमात बसतं ते मला आजही माहीत नाही. पण त्या दिवशी मांडवात बसलेल्या बायकांचे चेहरे मी पाहिले. त्यांच्यातल्या निम्म्या दरवर्षी त्याच ट्रकमध्ये चढत होत्या.

त्यानंतर दुधाच्या टेम्पोतून बायकांच्या फेऱ्या माळावर सुरू झाल्या. निळ्या काचांच्या रांगांमधून पदर सावरत बायका हिंडायच्या आणि आक्काच्या तालमीत तयार झाल्यासारखे प्रश्न विचारायच्या. काच गरम होते का. धूळ बसली की काय करता. धुवायला पाणी कुठलं. प्रकल्पाच्या कंपनीचा मॅनेजर आधी कौतुकानं सांगत होता, मग घामाघूम झाला. त्यानं तिथंच कबूल केलं की काचा धुवायचं काम गावातल्या बायकांनाच देऊ आणि पाणी टँकरनं आणू, गावाच्या विहिरीला हात लावणार नाही.

दुसऱ्या सभेत भांडणं झाली. मजा आली. कोंडाबाई म्हणून एक म्हातारी होती, दुधाला सगळ्यात चांगलं फॅट लागायचं तिच्या, ती उभी राहून म्हणाली, ढग आल्यावर माझं दूध नासलं तर कोन भरून देनार. आक्का म्हणाली, दूध नासलं तर मी खुर्ची सोडीन. हात मोजले. ठराव पास झाला, पण विरोधात बरेच हात होते, आणि आक्का मुद्दाम त्या हातांकडं बघत होती. स्वतःचा हात तिनं सगळ्यांच्या शेवटी वर केला. घरी जाताना मला म्हणाली, आज सभा झाली.

कागदपत्रांना किती हेलपाटे पडले ते मी सांगत बसत नाही. मीटर बदलला, करार झाला, आणि आमची डेअरी माळावरच्या उन्हावर चालायला लागली. उन्हाळा तर झोकात गेला. मग श्रावणात आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसते काळे ढग, दिवसभर उजेड नाही. अशा एका सकाळी मी डेअरीत आलो तर कूलर व्यवस्थित चालू, थंड खोली थंड, पनीरचं मशीन तयार. आणि दूध नाही. रांगेत एक बाई नाही. कूलरच्या तळाशी चार-दोन घरांचं दूध, बाकी भांडं कोरडं.

मी दारात येरझाऱ्या घालत होतो. आक्का आली, तिनं कूलरचं झाकण उघडून आत पाहिलं, हवेत नाक वर करून वास घेतला आणि तडक कोंडाबाईच्या घराकडं निघाली. मी मागं. गल्लीत शिरलो आणि माझ्याही लक्षात आलं. सगळ्या गावात खव्याचा वास सुटला होता. घराघरात चुलीवर कढया चढल्या होत्या. ऊन नाही म्हणजे डेअरी बंद असणार, दूध घातलं तर नासणार, मग खवा तरी करू, असा हिशेब बायकांनी न सांगता, न ठरवता, घरोघर केला होता. दूध नासू नये म्हणून आमच्या बायकांनी डेअरीच उपाशी ठेवली.

मला वाटलं, आक्का आता कोंडाबाईच्या सात पिढ्या काढणार. पण आक्का चुलीपुढं बसली, पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मग तिनं कोंडाबाईला हाताला धरून डेअरीत आणलं, गल्लीतल्या बाकीच्या बायका काय झालं म्हणून मागून आल्याच, आणि कोंडाबाईचा हात कूलरच्या थंड पत्र्यावर ठेवला.

कोंडाबाई म्हणाली, "ऊन न्हाई, मंग ही लाइट कुठली?"

आक्कानं तिलाच विचारलं, की तू सकाळी दूध घालतीस, संध्याकाळी पाव्हनं आलं की डेअरीतनं लिटरभर घेऊन जातीस, ते तुझ्याच गाईचं असतंय का. कोंडाबाई म्हणाली, न्हाई, समद्यांचं एकात असतंय. मग ज्या दिवशी तुझी गाय आटती, त्या दिवशी डेअरी पाव्हन्याच्या चहाला दूध देत न्हाई का. देती की. तसंच हाय, आक्का म्हणाली. माळावरचं ऊन त्या तारंत त्याचं त्याचं घालतंय, तारंत समद्यांचं एक होतंय, आपन आपल्या वाट्याचं काढतो. आज त्याची गाय आटली, तर आज दुसऱ्याचं. घातलं किती, काढलं किती, याचा मेळ बसतो. आपली निवड एवढीच, की आपल्या नावानं तिथं कुनी घालायचं. कोळशानं घालायचं का उन्हानं.

इंजिनिअरनं हेच तासभर सांगितलं होतं आणि मला ते अर्धवट कळलं होतं. आता कळलं. कोंडाबाईनं पत्र्यावरचा हात काढला नाही, बराच वेळ तशीच उभी राहिली. संध्याकाळी रांग लागली. तो खवा पुढचे चार दिवस सगळ्या गावानं खाल्ला, मलाही प्रत्येक घरून आला, आणि आक्काला खुर्ची सोडावी लागली नाही म्हणून पेढेही त्याच खव्याचे झाले.

त्या वर्षानंतर आमच्याकडं माणसं बघायला यायला लागली. दुसऱ्या तालुक्यातल्या संस्था, कॉलेजची मुलं, नगरचे साहेब लोक. मला, खोटं कशाला बोलू, फार अभिमान वाटायचा. गाडी थांबली की मी पुढं होऊन सांगायचो, ही आमची डेअरी, आणि त्या आमच्या आक्का. एका साहेबांनी भाषणात म्हटलं, की हे सगळं एकट्या भामाआक्कांमुळं झालं. आक्कानं मध्येच थांबवलं आणि म्हणाली, माझ्यामुळं झालं असलं तर ते मोडंल सायेब. साहेबांना वाटलं विनय आहे. विनय नव्हता. तिला खरंच तीच धास्ती होती. कधीतरी ऑफिसात एकटी बसली की म्हणायची, ह्या अजून माझ्याच तोंडाकडं बघत्यात का, सेक्रेटरी, तुमाला काय वाटतं.

माळावर मात्र तिचा जीव जडला होता. संध्याकाळी घरी जाताना वाकडी वाट करून ती तिकडून जायची. पोरं लहान होती तेव्हा याच माळावर तिनं शेरडं राखली होती, तिथं कुसळाशिवाय काही उगवायचं नाही. आता तिथं आपल्या डेअरीची लाइट पिकते, असं ती म्हणायची. कुणी त्या प्रकल्पाला कंपनीचा म्हटलं तर तिला आवडायचं नाही. आमचं ऊन, असं तिचं चालायचं.

कराराची मुदत संपत आली तेव्हा आक्का थकली होती. खुर्ची सोडणार हे तिनं सांगून टाकलं होतं. नूतनीकरण हा तिचा शेवटचा ठराव, आणि मी तो औपचारिक समजून तयार करून ठेवला होता. पारनेरकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांचाही एक प्रस्ताव आला होता, तो मी नियमाप्रमाणं जोडला. सभा सुरू झाली आणि सुनीता उभी राहिली.

तिनं शांतपणानं सांगितलं, की काचा धुवायचं काम पहिलं वर्ष आपल्या बायकांना मिळालं, मग कंपनीनं बाहेरची टोळी आणली. ती टोळी ऊसतोडीसारखीच एका मुकादमाची आहे. पाणी टँकरचं म्हणाले होते, पण ओढ्याकाठच्या विहिरीत त्यांची मोटर बसलीय, मी स्वतः जाऊन बघितली. पवनचक्कीवाल्यांकडंही ती तिघीचौघींना घेऊन जाऊन आली होती, तिथं मुकादमाची टोळी नाही हे विचारून आल्याचं तिनं सांगितलं. मग ती आक्काकडं वळली.

"आत्या, लाइट कुठली ते तुमी इचारलं. ती धुनारे हात कुठले, ते आमी इचारलं."

आक्का म्हणाली, कंपनीला बोलावू, समज देऊ, एक संधी देऊ, आपल्याच माळावरचा प्रकल्प हाय. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. सुनीतानं तेही पूर्ण ऐकून घेतलं. मग मतं घेतली. पवनचक्कीच्या बाजूनं हात वर झाले. कोंडाबाईचा झाला, मागच्या रांगेतल्या नव्या पोरींचे झाले, सगळ्या मांडवाचे झाले. विरोधात कोण, असं मी विचारलं. एकच हात वर झाला, कोयत्याचा वण असलेला. तिनं तो चांगला उंच धरला, मी मोजल्यावरही खाली घेतला नाही, सगळ्यांना नीट दिसावा म्हणून.

सभा संपल्यावर ती ऑफिसात येऊन बसली. मी पाणी दिलं. मी म्हटलं, आक्का, वाईट वाटलं का. वाटलं तर, ती म्हणाली, ते रान माझ्या डोळ्यापुढचं हाय, वाईट वाटनारच. डोळे भरले होते तिचे. मग तिनं ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडं पुढं झुकून, दबक्या आवाजात विचारलं.

"खरं सांगा सेक्रेटरी. हात वर करताना एकीनं तरी माझ्याकडं बघितलं का?"

मी सगळा वेळ त्यांच्याकडंच बघत होतो, मोजायचं काम माझंच. मी म्हटलं, नाही आक्का. एकीनंही नाही.

तिनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. बराच वेळ हलत होते. बाहेर सुनीतानं स्कूटी चालू करून हॉर्न दिला, आत्या चला म्हणून. आक्का उठली, गुडघे धरत बाहेर गेली आणि स्कूटीवर मागं बसली. गाडी निघाली तेव्हा ती सुनीताच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानाशी काहीतरी तावातावानं बोलत होती आणि सुनीता मान हलवून नाही नाही म्हणत होती. वळणाच्या अलीकडं आक्कानं मागं वळून मला ओरडून सांगितलं, दार लावू नका. ती मला दिसली ती तेवढीच, शेवटची. मी दार उघडं ठेवून घरी गेलो.